बाबा म्हणाले की म्हणाल्या?

सकाळी साडेसातची वेळ. बाबा टेबलाशी, चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाच्या टोकाशी. डाव्या हातातल्या खारीचा चहात बुडालेला अर्धा भाग आता पडतो की मग, अशा अवस्थेत.

"बाबा वेंगांनी सांगून ठेवलंय म्हणे," ते म्हणाले. "यंदा मोठमोठे भूकंप. आणि परग्रहावरचे लोक येणार."

"येताना अर्धा किलो बटाटे आणा म्हणावं," ओट्यापाशी आई.

मी म्हटलं, "बाबा, त्या बाई होत्या."

"कोण?"

"बाबा वेंगा."

खारी पडली. चष्मा कपाळावरून नाकावर आला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू इतकी वर्षं शिकवून हे फळ. "बाबा बाई कशी असेल?"

आता या प्रश्नाला साडेसात वाजता उत्तर देणं अवघड. पण बाई होत्या हे खरंच. वांगेलिया हे त्यांचं नाव. १९११ साली स्त्रुमित्सा गावात जन्म. ते तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं, आज उत्तर मॅसिडोनियात आहे. दृष्टी लहानपणीच गेली. पुढचं आयुष्य बल्गेरियातल्या पेत्रिच आणि त्या परिसरात गेलं, १९९६ साली वारल्या. बल्गेरियन लोक त्यांना म्हणतात 'बाबा वांगा', म्हणजे वांगा आजी. बल्गेरियनमध्ये 'बाबा' म्हणजे आजी, किंवा गावातली कुणीही म्हातारी. आपल्याकडे वांगाची वेंगा झाली ती इंग्रजीतून येताना. बरंच झालं म्हणा, नाहीतर भविष्यवाणी वाचताना भरली वांगी आठवली असती.

नंतर मी ती बातमी वाचली. मग तशाच आणखी पाच-सहा. आणि लक्षात आलं, की यात बाबांचा दोष नाही, आपल्या भूतकाळाचा आहे. 'बाबा वेंगांनी भाकीत केलं होतं.' 'बाबा वेंगांनी इशारा दिला.' मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं, की कर्त्याला 'नी' चिकटतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं. भाकीत नपुंसकलिंगी म्हणून 'केलं', इशारा पुल्लिंगी म्हणून 'दिला'. भाकीत करणारा बाप्या की बाई, यावर क्रियापद मूग गिळून बसतं. अशी वर्षानुवर्षं भाकितं छापता येतात आणि वाचणाऱ्याला थांगपत्ता लागत नाही. 'म्हणणं' हे मोजक्या फितूर क्रियापदांपैकी एक. तिथे 'म्हणाले' की 'म्हणाल्या' हे ठरवावंच लागतं. बातमीदार अशा वेळी 'बाबा' या शब्दाकडे बघतो आणि 'म्हणाले' लिहून मोकळा होतो. बाबावाक्यं प्रमाणम्.

मला हसायचा अधिकार तसा नाहीच. लहानपणी रशियन गोष्टींच्या मराठी पुस्तकात बाबा यागा भेटली होती. जंगलात कोंबडीच्या पायांवर उभी झोपडी, उखळात बसून मुसळानं वल्हवत निघायचं आणि मागच्या खुणा केरसुणीनं पुसत जायच्या. चित्र नव्हतं म्हणा, की त्या पानाचं चित्र फाटलं होतं म्हणा, माझ्या डोळ्यासमोर भगवी कफनी घातलेला, दाढीवाला एक साधूच त्या उखळात बसलेला असायचा. तो मुलांना खातो हे वाचून त्या वयात फारसं आश्चर्यही वाटलं नव्हतं. जेवला नाहीस तर बाबा येईल, अशी धमकी आमच्या वाड्यात सर्रास दिली जायची.

रशियनमध्ये 'बाबा' म्हणजे बायाबापड्यांतली बाई, खेडवळ, काहीशी तुच्छतेनं म्हटलेली. तिचंच लाडाचं रूप 'बाबुश्का', म्हणजे आजी. उच्चारताना जोर पहिल्या 'बा'वर द्यायचा असतो, आपण हटकून 'बू'वर देतो. बर्फाचा पुतळा केला, तर तोही बाई: बर्फाची बाबा. शरद ऋतूत थंडी पडण्याआधी जे चार उबदार दिवस येतात, त्यांना म्हणतात बायांचा उन्हाळा. बल्गेरियात तर मार्च महिनाच म्हातारी आहे, 'बाबा मार्ता'. घटकेत ऊन, घटकेत बर्फ, अशी लहरी आजी. तिला खूश ठेवायला एक मार्चला लाल-पांढऱ्या दोऱ्यांचा गोंडा मनगटावर बांधतात आणि करकोचा किंवा बहरलेलं झाड दिसेपर्यंत काढत नाहीत. आणि सुईणीलाही बाबाच. जानेवारीत सुईणींचा एक सण असतो, 'बाबिनदेन'. बाळाला जगात घेणारी पहिली माणसं त्या मुलखात बाबा होती, आणि सगळ्याच बाया.

म्हणजे बल्गेरियापासून रशियापर्यंत बाबा बाई. तिथून काळा समुद्र ओलांडून दक्षिणेला तुर्कस्तानात उतरलं, की बाबा बाप. सांता क्लॉजला तुर्कीत 'नोएल बाबा' म्हणतात, आणि ते एका अर्थानं योग्यच आहे, कारण तो ज्यावरून आला तो संत निकोलस आजच्या तुर्कस्तानातल्याच मायरा गावचा बिशप. बंदरात जहाजाचे दोर ज्या जाडजूड बुटक्या खांबाला बांधतात, त्यालाही तुर्कीत बाबाच म्हणतात. हे मला फार आवडलं. घरातल्या ज्या माणसाला सगळ्यांचे दोर बांधलेले असतात आणि जो स्वतः जागचा हलत नाही, त्याला आणखी काय म्हणणार?

हे दोन बाबा, बाई आणि बाप, कुठेतरी समोरासमोर आले असतील की. आले होते, युक्रेन आणि दक्षिण रशियाच्या गवताळ प्रदेशात. तिथे दगडी पुतळे उभे असतात, बरेचसे पुरुषभर उंचीचे. किपचाक नावाच्या तुर्की भाषा बोलणाऱ्या भटक्या टोळ्यांनी ते साधारण अकराव्या ते तेराव्या शतकात उभारले. दोन्ही हात बेंबीपाशी आणलेले, हातांत एक वाडगं. काही पुतळे बायकांचे, काही मिश्यावाल्या योद्ध्यांचे. रशियन लोक सरसकट सगळ्यांना म्हणतात 'दगडी बाबा', म्हणजे दगडी बाया, मिश्यांसकट. काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की टोळीवाले त्यांना आपल्या तुर्की शब्दानं 'बाबा', म्हणजे बाप किंवा पूर्वज म्हणत असावेत. शेजारच्या स्लाव्ह लोकांनी तो ऐकला आणि आपल्या कानाप्रमाणे त्यांची आजी केली. यावर सगळ्यांचं एकमत नाही, 'बालबाल' या दुसऱ्या तुर्की शब्दाकडे बोट दाखवणारेही आहेत. पण मला मिशीवाल्या दगडी आजोबांची मूकपणे आजी होऊन आठशे वर्षं वाडगं धरून उभं राहण्याची कल्पना सोडवत नाही. आमच्या घरच्या साडेसातच्या भांडणाच्या बरोबर उलटा प्रकार.

दुसरी गाठ पडली ती खाण्यात. रममध्ये भिजवलेला 'बाबा' नावाचा केक आहे, फ्रान्सचा आणि त्याहून जास्त नेपल्सचा. मुळात तो पोलंडचा, आणि पोलिशमध्येही बाबा म्हणजे म्हातारी. उभट, पन्हळीदार केक घेरदार घागरा नेसलेल्या आजीसारखा दिसतो म्हणून हे नाव, असं सांगतात. राज्य गेलेला पोलिश राजा स्तानिस्लाव अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लोरेनला येऊन राहिला, त्याची मुलगी १५व्या लुईला दिलेली. त्याच्या दरबारातून केक फ्रान्सभर गेला. पण फ्रेंचांनी काय सांगावं? म्हणे राजाला अरबी कथा फार आवडायच्या, म्हणून त्यानं केकला अली बाबाचं नाव दिलं. पोलिश राजाला आपल्याच भाषेतली आजी माहीत नसावी आणि केकला नाव द्यायला अरबी कथांतून माणूस आणावा लागावा, हे काही मला पटत नाही. गोष्ट मात्र गोड आहे, केकइतकीच. नेपल्समध्ये आता एखाद्याला 'तू बाबा आहेस' म्हटलं तर त्याचा अर्थ तू फार गोड आहेस.

माझी स्वतःची फजिती जपानीत झाली. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही. यंत्रांच्या पुस्तिका भाषांतर करून पोट भरणाऱ्यांतली मीही एक. अगदी पहिल्या महिन्यात घरच्यांची ओळख करून द्यायची होती. वडील बँकेत होते, एवढंच सांगायचं. 'बँकेत नोकरी' हे शब्द मी घोकून गेले होते, पण उभी राहिले आणि वडिलांसाठीचा शब्द ऐन वेळी डोक्यातून गेला. मग आपला हक्काचा टाकला. "वाताशी नो बाबा वा गिंकोइन देशिता." आमच्या सेन्सेई, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, जपानी होत्या, वयानं मोठ्या, अत्यंत सभ्य. त्यांनी हात तोंडावर नेला, पण खांदे हलत होते. जपानीत 'बाबा' म्हणजे थेरडी. मी भर वर्गात सांगितलं होतं, की आमची थेरडी बँकेत होती.

पत्त्यांचा एक डाव आहे तिकडे, 'बाबानुकी', म्हणजे म्हातारी काढून टाकणं. जोड्या लावून खाली टाकत जायच्या, शेवटी जोकर ज्याच्या हातात राहील तो हरला. आपला गुलामचोर तो हाच. गंमत अशी की त्याच जपानीत 'बाबा' हे व्यवस्थित आडनावही आहे. तोक्योत ताकादानोबाबा नावाचं गजबजलेलं स्टेशन आहे. तिथला बाबा दोन चिन्हांचा, एक 'बा' म्हणजे घोडा आणि दुसरा 'बा' म्हणजे जागा. घोडे फिरवायचं मैदान. जायंट बाबा नावाचा त्यांचा दोन मीटरहून उंच कुस्तीगीर होता, तो या घोड्यांच्या घराण्यातला. थेरडीशी त्याचा काही संबंध नाही, आणि कुणी जोडला असता तर त्यानं उचलून आपटलं असतं.

वडिलांसाठीचा खरा शब्द सेन्सेईंनी फळ्यावर लिहिला: चिची. आईसाठी: हाहा. मागच्या बाकावरून कुणीतरी लगेच "छी छी!" केलं. तास तिथेच संपला म्हणायचा.

पण या 'हाहा'नं मला पुढे जे दिलं ते फार मोठं आहे. १५१६ सालचा एक जपानी कोड्यांचा संग्रह आहे. सम्राट गो-नाराचं नाव त्याला जोडलेलं आहे. त्यातलं एक कोडं असं: आईशी दोनदा भेट होते, बापाशी एकदाही होत नाही. सांगा पाहू काय? उत्तर: ओठ.

आता आरशासमोर उभं राहून 'हाहा' म्हणून बघा. ओठ कुठे भेटतात? एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग या कोड्यात अर्थ काय राहिला? तो असा, की पाचशे वर्षांपूर्वी हाहा 'हाहा' नव्हती, ती 'फाफा' होती. गरम चहावर फुंकर घालताना आपण ओठ जवळ आणतो तसा तो हलका 'फ'. दोन अक्षरं, ओठांची दोनदा गाठ. बापाच्या 'चिची'त एकदाही नाही. आणि फाफाच्या आधी, आणखी मागे, भाषाशास्त्रज्ञ सांगतात की तो शब्द होता 'पापा'. जपानी आई एके काळी पापा होती. बालवाडीतल्या कोड्यासारखं ते एक कोडं, पण त्यानं पाचशे वर्षांपूर्वीच्या ओठांची हालचाल जशीच्या तशी धरून ठेवली. तेव्हा ध्वनिमुद्रण कुठलं असायला!

त्याच सुमारास आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक संदेश फिरत होता. चीनमध्ये वडिलांना 'बाबा' म्हणतात, तुर्कस्तानात 'बाबा', आफ्रिकेतही 'बाबा', यावरून जगातल्या सर्व भाषा कोठून निघाल्या ते सिद्ध होते, अभिमान असेल तर वीस जणांना पाठवा. उदाहरणं खरी होती, हीच पंचाईत. चिनीत बाबा आहे. स्वाहिलीत आहे, टांझानियात जूलियस न्येरेरेंना 'बाबा वा ताइफा' म्हणतात, राष्ट्रपिता. नायजेरियातल्या योरुबात आहे, झुलूत आहे. पण निष्कर्ष बरोबर उलटा निघतो.

खरी नाती अशी दिसतच नाहीत. संस्कृतचा 'पितृ', लॅटिनचा 'पातेर', फारसीचा 'पेदर', इंग्रजीचा 'फादर', हे सख्खे. इंग्रजीत 'प'चा 'फ' झाला, जसा पादचा फूट. आयरिशमध्ये सुरुवातीचा 'प' गळूनच गेला आणि उरलं 'आहर', आर्मेनियनमध्ये झालं 'हाइर'. आहर आणि पितृ शेजारी उभे केले तर कुणी भाऊ म्हणेल का? हजारो वर्षं वेगवेगळ्या तोंडांतून गेल्यावर शब्दाचा चेहरामोहरा बदलतोच, आणि नियमानं बदलतो. त्या नियमामुळेच नातं सिद्ध करता येतं. बीजिंग, नैरोबी आणि नाशिक, तिन्हीकडे एखादा शब्द जसाच्या तसा, हुबेहूब भेटला, तर तो एका आईच्या पोटचा असण्यापेक्षा तीन वेळा वेगवेगळा जन्मलेला असण्याची शक्यता जास्त. बिचारा सख्खा 'पितृ' आपल्या रोजच्या बोलण्यात आता उरला आहे कुठे? तो येतो भाद्रपदात, पंधरवडाभर.

काही साम्यं तर निव्वळ टक्कर. बास्क भाषेत 'बाबा' म्हणजे वालासारखी घेवड्याची शेंग किंवा बी, लॅटिनच्या 'फाबा'वरून आलेली. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये बाबा म्हणजे लाळ. हंगेरियनमध्ये बाळ किंवा बाहुली, आणि तिथे पहिला 'बा' लांबवला तर सुईण, ती मात्र स्लाव्ह शेजाऱ्यांकडून आणलेली. घोड्याचं मैदान यातच धरायचं. यांच्यात अर्थ शोधू नये. पण आईबाप, आजीआजोबा यांच्याच भोवती हे आवाज इतके का घोटाळतात, याला कारण आहे, आणि ते रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञानं सांगितलं. मॉस्कोत जन्मलेला, पुढे अमेरिकेत गेलेला, म्हणजे घरची 'बाबा' त्याला ऐकून माहीत असणारच.

त्याच्यापुढे मर्डॉक नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं जगभरातून गोळा केलेले आईबापांसाठीचे १०७२ शब्द होते. आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत 'म', 'न' असा अनुनासिक ध्वनी. बापाच्या शब्दांत फक्त १५ टक्क्यांत. याकोबसननं १९५९ साली त्याचा उलगडा मांडला. अंगावर पिणाऱ्या बाळाचं तोंड भरलेलं असतं, मग जो काही हुंकार निघतो तो नाकातून. ममम. पुढे भूक लागली, दूध दिसलं, की तोच हुंकार. तोंड मोकळं असलं की सगळ्यात सोपी हालचाल कोणती? ओठ मिटायचे आणि एकदम उघडायचे. मिटलेले ओठ म्हणजे 'प' किंवा 'ब', सताड उघडं तोंड म्हणजे 'आ'. शाळेत ओष्ठ्य म्हणून जो प-वर्ग आपण पाठ केला, तो बाळाला पाठ न करता येतो. बा. पुन्हा एकदा: बाबा.

त्यात बाळाला कुणालाही हाक मारायची नसते. ते ओठांशी खेळत असतं. हाक आपण ऐकतो.

याचं प्रात्यक्षिक आमच्या घरी चालू आहे. भाचा चौदा महिन्यांचा. गेल्या महिन्यात एका रविवारी तो सतरंजीवर उताणा पडला होता आणि छताच्या पंख्याकडे बघून स्पष्ट म्हणाला, "बाबा." माझा भाऊ स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आला: "मला म्हणाला!" बाबा खुर्चीतून: "मला म्हणाला, तू तर इथे नव्हतासच." वहिनी म्हणाली, "पंख्याला म्हणाला." खरं तिचंच होतं. त्यानंतर त्यानं वरणभाताला, खिडकीतल्या कावळ्याला आणि कचरा न्यायला आलेल्या घंटागाडीला बाबा म्हटलं. पण दोन दावेदार एव्हाना निकालापर्यंत पोहोचले होते.

मला वाटतं, सगळ्या भाषांत हेच झालं असेल. त्या पहिल्या आवाजाच्या वेळी जो कुणी जवळ होता, जो जास्त मोठ्यानं "मला म्हणालं!" म्हणाला, त्यानं तो शब्द पळवला. चीनमध्ये बापानं, बल्गेरियात आजीनं. कॉकेशसमधल्या जॉर्जियात तर सगळा हिशेबच उलटा: बापाला म्हणतात 'मामा' आणि आईला 'देदा'. मातृभाषा म्हणजे 'देदाएना', आणि राजधानीला म्हणतात 'देदाकालाकी', आई-शहर. याकोबसनच्या टक्केवारीत न बसणारे ते हेच. आणि आपल्याकडे तोच 'मामा' आईच्या भावाकडे गेला. कुणी जॉर्जियन माणूस पुण्याच्या चौकात उभा राहिला तर त्याला काय वाटेल, याचा मी बरेचदा विचार करते. शिट्टी वाजली, दुचाकीवाला बाजूला घेतला गेला, आणि तो काकुळतीला येऊन पोलिसाला म्हणतोय, "मामा, या वेळी सोडा ना." तिकडच्या कानाला तो बापाच्याच पाया पडतोय.

बाप आणि बाबा हेही एक नव्हेत. 'बाप' प्राकृतातल्या 'बप्प'चा वारस. ज्ञानदेव अभंगाच्या शेवटी सही करतात ती 'बापरखुमादेवीवरु', आणि दरवर्षी आपण ज्याला पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो तो बाप्पाही त्याच घरातला. 'बाबा'त फारसी-तुर्की वाटेनं आलेलं बरंच काही आहे, दर्गे, फकीर, मलंग सगळं त्याच्या मागे. पण इथल्या बाळांचे ओठ त्याची वाट बघत थांबले असतील असं थोडंच आहे? दोघांची सरमिसळ इतकी झाली, की आता शिवण सापडत नाही. शिर्डीचे बाबा, गाडगेबाबा, महानुभावांच्या मठातले बाबा, आणि बाबासाहेब.

त्यातही मराठी घरांचा तऱ्हेवाईकपणा असा, की आपल्याकडे बापाला बाबा म्हणतीलच याची खात्री नाही. माझ्या आजोबांना त्यांचे सगळे मुलगे 'भाऊ' म्हणत, कारण घरात धाकटी भावंडं त्यांना भाऊ म्हणत होती. आणि आजीला, म्हणजे स्वतःच्या आईला, बाबा 'वहिनी' म्हणायचे. लहानपणी मला ते इतकं विचित्र वाटायचं, की मैत्रिणींना मी सांगायचेच नाही. एकत्र कुटुंबातलं पोर जे कानावर पडतं ते उचलतं, इतकंच. आजी गेल्या त्या रात्री बाबा पायरीवर बसले होते आणि हळू आवाजात नुसतं "वहिनी गं" म्हणत होते. तेव्हा तो शब्द ऐकून कुणालाही भावजय आठवली नाही.

आणि मग बाबा फिरून बाळाकडे येतो. अरबी आणि फारसी घरांत बाप लेकराला लाडानं 'बाबा' अशीच हाक मारतो, स्वतःचीच पदवी त्याला देऊन. आपल्याकडे "ये रे बाबा", "जेव रे बाबा", "बाबापुता करून" झोपवणं आहेच. इंग्रजांच्या राज्यात साहेबांच्या पोरांना नोकरचाकर 'बाबा' म्हणत, अनेकवचनी 'बाबालोग'. १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशानं तो शब्द नोंदवला आहे आणि या वापरावर इंग्रजी 'बेबी'ची सावली पडली असावी, असाही तर्क केला आहे. आपली बाबागाडी त्याच काळाच्या चाकांवर चालते. तिच्यात वडील बसत नाहीत. बाबा आमट्यांबद्दलही हीच गंमत. मुरलीधर हे त्यांचं नाव, आणि 'बाबा' कुणी त्यांना संत समजून म्हणायला लागलं नव्हतं. आईवडील लहानपणी लाडानं म्हणत, ते तसंच राहिलं, असं साधनाताईंनी सांगून ठेवलं आहे. पाळण्यातलं नाव माणसाचं वय वाढेल तसं न बदलता वडीलधारं होत गेलं.

सगळ्यात अवघड बाबा म्हणजे कुणीच नसलेला. "कंटाळा आला बाबा." "नको गं बाबा." दोन बायका बोलत असतात, खोलीत पुरुष नसतो, लेकरू नसतं, आणि वाक्याच्या शेवटी बाबा येऊन उभा राहतो. हा कोण? मी एकदा आईला विचारलं, तू "नको बाबा" म्हणतेस तेव्हा कोणाला म्हणतेस? ती लसूण सोलत होती. विचार करून म्हणाली, "तुझ्या वडिलांना तर नक्कीच नाही."

बाबांनी वेंगाबाईंचा विषय सोडला नव्हता. परवा संध्याकाळी भाच्याला मांडीवर घेऊन ते पुन्हा मोबाईल बघत बसले होते. पडद्यावर तोच फोटो, डोक्याला रुमाल बांधलेली, डोळे मिटलेली म्हातारी. वरणभाताचं बोट थेट तिच्या कपाळावर टेकलं.

"बाबा," भाचा म्हणाला.

"नाही रे बाबा," बाबा म्हणाले, "ती आजी आहे."